डिव्हाइसला मेमरीचा पत्ता देणारा इंटरफेस कसा रचावा: लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

समजा, कॉम्प्रेशन करणारं एक पीसीआय एक्सप्रेस कार्ड आहे. प्रोग्रामकडे ४ एमबीचा बफर आहे. कार्डाने तो वाचायचा आणि दाबून झालेला डेटा दुसऱ्या बफरमध्ये लिहायचा. प्रोग्रामच्या हातात असलेला पॉइंटर हा व्हर्च्युअल पत्ता आहे. मेमरी कंट्रोलरला लागतो तो फिजिकल पत्ता. कार्ड बसवर जो पत्ता टाकतं तो या दोन्हींहून वेगळा असू शकतो, कारण मध्ये आयओएमएमयू (उपकरणाने दिलेले पत्ते फिजिकल पत्त्यांत बदलणारं हार्डवेअर) बसलेलं असतं आणि त्याची स्वतःची पेज टेबलं असतात.

पत्त्यांचं हे भाषांतर हार्डवेअर करतं आणि बहुतेक वेळा बिनचूक करतं. इंटरफेस रचणाऱ्याला ठरवायचं असतं ते वेगळंच: दिलेला पत्ता कधीपासून कधीपर्यंत वैध, तो कोणत्या प्रोसेसच्या नावावर आणि परत घेताना कुणी कुणासाठी थांबायचं. या क्षेत्रातले खरे घातक बग पत्ता देताना होत नाहीत, परत घेताना होतात. म्हणून खाली मांडणीपेक्षा मोडणीवर जास्त लिहिलं आहे.

आधी मार्ग निवडा

मार्ग तीन आहेत. पहिला: कर्नलने स्वतःचा बफर घ्यायचा, युजरचा डेटा त्यात कॉपी करायचा आणि त्या बफरचा पत्ता कार्डाला द्यायचा. दुसरा: युजरची पेजेस मेमरीत खिळवून, म्हणजे पिन करून, आयओएमएमयूमध्ये मॅप करायची. आरडीएमए (नेटवर्क कार्डाने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) आणि व्हीएफआयओ (युजरच्या प्रोग्रामला उपकरण थेट वापरू देणारा लिनक्सचा भाग) हेच करतात. तिसरा: प्रोसेसचं अख्खं पेज टेबलच आयओएमएमयूला दाखवायचं, म्हणजे प्रोग्रामचा पॉइंटर जसाच्या तसा कार्डाला चालतो. याला शेअर्ड व्हर्च्युअल ॲड्रेसिंग म्हणतात, थोडक्यात एसव्हीए.

सुरुवात पहिल्या मार्गाने करा. काही केबींच्या कामाला कॉपी पुष्कळदा मॅपिंगपेक्षा स्वस्त पडते, कारण अनमॅप करताना आयओटीएलबी (आयओएमएमयूने केलेल्या भाषांतरांची कॅश) रिकामा करावा लागतो आणि ते काम फुकट होत नाही. तेच तेच मोठे बफर पुन्हा पुन्हा वापरात असतील तर दुसरा मार्ग. तिसरा तेव्हाच घ्या, जेव्हा डेटा पॉइंटरांनी विणलेला आहे (झाड, लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल) किंवा कोणता बफर लागणार हे आधी सांगताच येत नाही. शिवाय तिसऱ्यासाठी हार्डवेअरकडे दोन गोष्टी असाव्याच लागतात: पॅसिड (प्रोसेस ओळखणारा क्रमांक), आणि पेज जागेवर नसताना थांबून परत प्रयत्न करण्याची सोय. पीसीआयवर ही सोय एटीएस (कार्डाने भाषांतर मागणं) आणि पीआरआय (नसलेलं पेज मागणं) मिळून देतात. आर्मच्या एसएमएमयू-३ या आयओएमएमयूमध्ये स्टॉल (विनंती तिथेच रोखून धरणं) हा दुसरा पर्याय आहे. यातलं काही नसेल तर एसव्हीएचा आग्रह धरू नका. सगळं पिन करून त्याला एसव्हीए म्हणणं म्हणजे दुसरा मार्गच, फक्त हिशेब लपवलेला.

पहिला मार्ग: कर्नलचा बफर

इथे कर्नलचं डीएमए एपीआय पुरेसं आहे (डीएमए म्हणजे उपकरणाने सीपीयूशिवाय थेट मेमरी वाचणं-लिहिणं), पण काही ठिकाणी हमखास चूक होते.

मास्क, म्हणजे कार्डाला किती बिटांचे पत्ते कळतात ते, आधी सांगा. काही न सांगता सोडलं तर कर्नल गृहीत धरतो की कार्डाला ३२ बिटांचेच पत्ते कळतात, आणि आयओएमएमयू नसलेल्या मशीनवर ४ जीबीच्या वरची मेमरी बाउन्स बफरमधून, म्हणजे मधल्या तात्पुरत्या बफरमध्ये कॉपी होऊन, जाते. हा बाउन्स बफर (एसडब्ल्यूआयओटीएलबी) मुळात ६४ एमबीचा असतो आणि त्यातून एका वेळी सलग २५६ केबीच मॅप होतात. म्हणजे ४ एमबीचा बफर एकसंध मॅप करायला गेलात तर डेव्हलपरच्या मशीनवर चालेल आणि दुसऱ्या मशीनवर पडेल.

मॅप केल्यावर त्रुटी तपासा, आणि ती शून्याशी तुलना करून नव्हे. शून्य हा डीएमएचा वैध पत्ता असू शकतो. त्रुटीची खूण म्हणजे सगळे बिट १. त्यासाठी डीएमए_मॅपिंग_एरर() आहे, तेच वापरा.

डीएमए_मॅप_एसजी() परत देतं ती संख्या तुम्ही दिलेल्या नोंदींपेक्षा कमी असू शकते, कारण आयओएमएमयू शेजारचे तुकडे जोडून टाकतं. कार्डाला ही परत आलेली संख्या द्यायची, पण अनमॅप करताना मात्र मूळचीच. उलटं केलं तर काही मॅपिंग तशीच राहतात आणि आयओव्हीएची (कार्डाला दिसणाऱ्या पत्त्यांची) जागा हळूहळू संपते. ही गळती दिसायला आठवडे लागतात.

स्टॅकवरचा व्हेरिएबल डीएमएला देऊ नका. कर्नल ४.९ मध्ये एक्स८६वर स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत (जिथली फिजिकल पेजेस सलग असतीलच असं नाही) गेला. तिथे पत्त्यावरून थेट फिजिकल पेज काढलं की उत्तर चुकीचं येतं.

कॅश लाइनची गोष्ट जरा जवळून बघू. एका स्ट्रक्टमध्ये ४ बाइटचा ‘स्थिती’ हा फील्ड आणि त्याला लागूनच कार्ड लिहिणार असलेला बफर आहे. कॅश लाइन ६४ बाइटची, म्हणजे बफरचे पहिले ६० बाइट आणि ‘स्थिती’ एकाच लाइनवर. डीएमए सुरू झाल्यावर सीपीयूने ‘स्थिती’ बदलली, लाइन सीपीयूच्या कॅशमध्ये आली आणि मळकी झाली. दरम्यान कार्डाने थेट मेमरीत ६० बाइट लिहिले. नंतर ती मळकी लाइन मेमरीत परत गेली आणि कार्डाने लिहिलेले ६० बाइट जुन्या मजकुराने पुसले गेले. कॅश-कोहेरंट एक्स८६वर हे कधीच दिसत नाही. कोहेरंट नसलेल्या आर्म बोर्डावर अधूनमधून दिसतं, आणि ‘अधूनमधून’ हेच त्यातलं वाईट. उपाय सोपा आहे: डीएमएचा बफर वेगळा केमॅलॉक करा. आर्म-६४ वर डीएमएसाठी अलाइनमेंट १२८ बाइट धरलेली आहे ती याचसाठी. बफर पुन्हा वापरत असाल तर वाचण्याआधी सीपीयूकडे आणि सोडण्याआधी डिव्हाइसकडे सिंक करा.

डिस्क्रिप्टर (कार्डाला द्यायच्या कामाची नोंद) भरतानाही क्रम पाळा: आधी पत्ता आणि लांबी, मग डीएमए_डब्ल्यूएमबी() (आधीचं लेखन आधीच दिसेल याची हमी), मग ‘मालक कार्ड’ हा बिट, शेवटी डोअरबेल (काम आल्याचं कार्डाला कळवणारं रजिस्टर). हा बिट आणि पत्ता उलट क्रमाने दिसले तर कार्ड मागच्या कामाचा पत्ता घेऊन निघतं.

दुसरा मार्ग: युजरची पेजेस पिन करणं

पिन_युजर_पेजेस() हे फंक्शन कर्नल ५.६ पासून आहे. नव्या कोडमध्ये गेट_युजर_पेजेस() डीएमएसाठी वापरू नका. रजिस्टर केलेला बफर किती वेळ राहील हे युजरच्या हाती असेल तर ‘लाँगटर्म’ फ्लॅग द्यायलाच हवा. मग कर्नल सीएमए (मोठ्या सलग तुकड्यांसाठी राखलेली मेमरी) आणि हलवता येणाऱ्या झोनमधली पेजेस आधी तिथून काढतो आणि मगच पिन करतो. फ्लॅग विसरलात तर मेमरी हॉटअनप्लग आणि सीएमए दोन्ही अडून बसतात, आणि दोष तुमच्या ड्रायव्हरचा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेब ठेवा. आपला ४ एमबीचा बफर म्हणजे ४ केबीची १०२४ पेजेस. लॉक केलेल्या मेमरीची मूळ मर्यादा ५.१६ पूर्वी ६४ केबी होती, तेव्हापासून ८ एमबी आहे. इनपुट ४ आणि आउटपुट ४ धरले की पहिल्या जोडीतच मर्यादा गाठली जाते. म्हणून इंटरफेसने दोन त्रुटी वेगळ्या द्याव्यात: मर्यादा ओलांडली आणि मेमरी संपली. दोन्हींना एकच कोड दिला तर ऑपरेटर मेमरी वाढवत बसतो, आणि गरज असते ती फक्त मर्यादा वाढवण्याची.

आता परत घेण्याकडे. युजरने रजिस्टर केलेला बफर म्युनमॅप केला, म्हणजे त्याचं मॅपिंग काढलं, तर काय होतं? पिन केलेली पेजेस मरत नाहीत, ती कार्डाच्या ताब्यात राहतात. पण तो व्हर्च्युअल पत्ता मोकळा होतो. पुढच्या मॅलॉकला तोच पत्ता मिळतो, आता वेगळ्या पेजेससह. प्रोग्रामच्या नोंदीत ‘हा पत्ता रजिस्टर आहे’ असं अजून लिहिलेलं असतं, म्हणून तो जुनंच हँडल (रजिस्टर करताना मिळालेली खूण) कार्डाला देतो. कार्ड जुन्या पेजेसवर लिहितं, प्रोग्राम नव्या पेजेस वाचतो. कुठेही त्रुटी नाही, फक्त उत्तर चुकीचं. एमपीआय लायब्रऱ्यांनी (प्रोसेसांमध्ये संदेश पोचवणाऱ्या) रजिस्ट्रेशनची कॅश ठेवायला सुरुवात केली तेव्हा नेमकं हेच झालं, आणि त्यांना म्युनमॅप आणि फ्री मध्येच अडवावे लागले. तुमच्या इंटरफेसमध्ये दोनपैकी एक करा: एमएमयू नोटिफायर (मॅपिंग बदललं की ड्रायव्हरला कळवणारी कर्नलची सोय) लावून म्युनमॅपबरोबर हँडल रद्द करा, किंवा दस्तऐवजात ठळक लिहा की हँडल पत्त्याचं नसून पेजेसचं आहे. मी पहिलं सुचवेन. दस्तऐवज वाचला जाईल या भरवशावर डेटाची अचूकता टांगू नये.

फोर्कचंही लक्षात ठेवा. पूर्वी फोर्कनंतर पालक प्रोसेसने आधी लिहिलं की कॉपी-ऑन-राइटमुळे (लिहितानाच पेजची प्रत करण्यामुळे) पालकालाच नवं पेज मिळायचं आणि कार्ड जुन्यावर राहायचं. म्हणून आरडीएमएचे प्रोग्राम अशा भागाला ‘डोन्टफोर्क’ची (हा भाग मुलाला देऊ नका, अशी) सूचना देत. कर्नल ५.९ पासून पिन केलेल्या अनामिक पेजची कॉपी फोर्कच्याच वेळी मुलाला दिली जाते, पालकाचं पेज हलत नाही. जुन्या कर्नलवर चालवायचं असेल तर डोन्टफोर्क लागेलच.

अनमॅपनंतरची एक खिडकी बहुतेकांना माहीत नसते. आयओएमएमयू ‘लेझी’ अवस्थेत असेल तर आयओटीएलबी लगेच रिकामा होत नाही. अनमॅप झालेले पत्ते रांगेत ठेवून गठ्ठ्याने पुसले जातात, आणि त्या रांगेचा टायमर १० मिलिसेकंदांचा आहे. तेवढा वेळ कार्ड जुन्या पत्त्यावर लिहू शकतं. विश्वासातल्या कार्डाला हे चालतं. बाहेरून लावता येणाऱ्या उपकरणांना ‘स्ट्रिक्ट’ (अनमॅपबरोबर लगेच पुसणं) हवं. २०१९ च्या थंडरक्लॅप संशोधनाने दाखवलं की आयओएमएमयू चालू असूनही थंडरबोल्टवरचं दुष्ट उपकरण एकाच पेजवर शेजारी पडलेला कर्नलचा डेटा वाचू शकतं, कारण संरक्षणाची सर्वात लहान मात्रा पेज आहे, बाइट नाही. त्यावर तोडगा म्हणून अशा उपकरणांसाठी पेजचा अर्धवट भाग असलेले बफर बाउन्समधून नेले जातात. तुमच्या इंटरफेसलाही हाच नियम लावा: युजरकडून बफर घेताना सुरुवात आणि लांबी दोन्ही पेजच्या पटीत मागा. आणि पेज म्हणजे ४ केबी असं गृहीत धरू नका; आर्म-६४ वर १६ आणि ६४ केबीचे कर्नलही असतात.

तिसरा मार्ग: पॉइंटर जसाच्या तसा

पॅसिड म्हणजे २० बिटांचा क्रमांक. कार्डाच्या प्रत्येक मेमरी विनंतीबरोबर तो जातो आणि कोणत्या प्रोसेसचं पेज टेबल बघायचं हे आयओएमएमयूला त्यावरून कळतं. २० बिट म्हणजे १०,४८,५७६ क्रमांक. भरपूर वाटतात, पण पुष्कळ कार्डं त्याहून कमी बिट देतात.

जोडणी अशी करा:

१. प्रोसेसने तुमची डिव्हाइस फाइल उघडली की रांगेसाठी एक संदर्भ तयार करा आणि त्यात त्या वेळचा एमएम (प्रोसेसच्या पत्त्यांची कर्नलमधली नोंद) लक्षात ठेवा.

२. आयओएमएमयू_एसव्हीए_बाइंड_डिव्हाइस() बोलवा. जुन्या कर्नलवर त्याआधी एसव्हीए आणि फॉल्टची सोय वेगळी चालू करावी लागे.

३. परत आलेल्या हँडलवरून पॅसिड काढा आणि तो रांगेच्या हार्डवेअर नोंदीत ड्रायव्हरनेच लिहा.

४. मगच डोअरबेलचं पेज युजरला एममॅप करू द्या.

तिसऱ्या पायरीत तडजोड नको. पॅसिड युजरने भरायचा फील्ड असूच नये. तसा ठेवला तर कोणीही शेजारच्या प्रोसेसचा क्रमांक लिहून तिची मेमरी वाचेल. इंटेलच्या ईएनक्यूसीएमडी आदेशाची रचना याच तत्त्वावर आहे: युजर ६४ बाइटचा डिस्क्रिप्टर देतो, पण पॅसिड सीपीयू स्वतः थ्रेडच्या एमएसआरमधून (सीपीयूच्या खास रजिस्टरमधून) घेतो. डिस्क्रिप्टरमधला पॅसिड मानणारा ईएनक्यूसीएमडीएस हा वेगळा आदेश फक्त कर्नलसाठी ठेवला आहे. रांग भरलेली असेल तर ईएनक्यूसीएमडी झीरो फ्लॅग लावून परत येतो. तुमच्या लायब्ररीने पुन्हा प्रयत्न करताना मध्ये थोडं थांबलं पाहिजे, नाहीतर डझनभर थ्रेड मिळून बस तुंबवतात.

*फॉल्ट*

कार्डाला हवं ते पेज जागेवर नसेल तर ते पीआरआयने मागणी नोंदवतं, कर्नल सीपीयूच्या फॉल्टसारखंच पेज आणतो, उत्तर पाठवतो, आणि कार्ड भाषांतर पुन्हा मागतं. उत्तर पोचणं आणि कार्डाने परत मागणं या दोन क्षणांमध्ये पेज पुन्हा बाहेर जाऊ शकतं. म्हणून ‘उत्तर यशस्वी’ याचा अर्थ ‘पेज नक्की आहे’ असा धरू नका. कार्डाने किती वेळा प्रयत्न करायचा याला मर्यादा ठेवा.

इथे इंटरफेसचा खरा निर्णय पूर्णतेच्या नोंदीत आहे. म्हणजे काम संपल्यावर कार्ड युजरच्या मेमरीत जी नोंद लिहितं ती. तिच्यात फक्त ‘झालं’ आणि ‘बिघडलं’ एवढंच ठेवू नका. आणखी दोन फील्ड द्या: ज्या पत्त्यावर अडलं तो पत्ता, आणि तोवर पूर्ण झालेले बाइट. इंटेलच्या डीएसए या कॉपी यंत्रणेत असंच आहे. डिस्क्रिप्टरमध्ये ‘फॉल्ट आल्यास थांब’ हा फ्लॅग लावला नसेल तर काम अर्धवट सुटतं, नोंदीत पत्ता आणि बाइट मिळतात. युजर त्या पत्त्याला स्वतः हात लावून पेज आणतो आणि उरलेलं काम परत देतो. या पद्धतीत एका प्रोसेसच्या फॉल्टमुळे दुसरीचं काम अडत नाही. सामायिक रांगेसाठी मी हीच पद्धत मुळात चालू ठेवेन.

आणि ती पूर्णतेची नोंद ज्या पेजवर लिहायची, तेच पेज नसेल तर? कार्डाला त्रुटी सांगायलाही जागा उरत नाही, आणि युजर नोंदीची वाट बघत कायमचा फिरत राहतो. म्हणून लायब्ररीने डिस्क्रिप्टर देण्याआधी नोंदीच्या पेजवर स्वतः शून्य लिहावं, आणि ड्रायव्हरकडे त्रुटी पोचवण्याची दुसरी वाट असावी, उदाहरणार्थ फाइल डिस्क्रिप्टरवर पोल.

*फोर्क, एक्झेक आणि मृत्यू*

फोर्कनंतर मुलाकडे फाइल डिस्क्रिप्टर तोच येतो, एमएम मात्र वेगळा. मुलाने वारशात आलेली डोअरबेल वाजवली तर काम पालकाच्या पॅसिडवर चालतं: मुलाने स्वतःचा पॉइंटर दिला, कार्डाने पालकाच्या त्याच पत्त्यावर लिहिलं. अडवायला दोन कुलुपं हवीत. डोअरबेलच्या एममॅपला ‘डोन्टकॉपी’ लावा म्हणजे मुलाकडे ते पेज जाणारच नाही. हुवावेच्या हायसिलिकॉन प्रवेगकांसाठी कर्नल ५.७ मध्ये आलेला यूएसीसीई फ्रेमवर्क हेच करतो. आणि प्रत्येक आयओसीटीएल (ड्रायव्हरला आदेश देणारा सिस्टम कॉल), एममॅप आणि राइटच्या सुरुवातीला आत्ताचा एमएम हा लक्षात ठेवलेलाच एमएम आहे का ते तपासा. नसेल तर परवानगी नाकारा. एक्झेकमध्ये एमएम बदलतो पण डिस्क्रिप्टर उघडा राहतो, म्हणून क्लोज-ऑन-एक्झेकचा आग्रह धरा आणि वरची तपासणी तरीही ठेवा.

आता मृत्यू. बहुतेकांचा समज असा की प्रोसेस मेली की आधी फाइली बंद होतात, ड्रायव्हरचं रिलीज चालतं, मग मेमरी जाते. प्रत्यक्षात डू_एक्झिट() मध्ये क्रम उलटा आहे: एक्झिट_एमएम() आधी, एक्झिट_फाइल्स() नंतर. म्हणजे पेज टेबल मोडलं जात असताना तुमचं कार्ड आपल्या कामात दंग असतं आणि तुम्हाला अजून कळलेलंही नसतं. आयओएमएमयूचा कोड हे सांभाळतो: एसएमएमयू-३ मध्ये त्या पॅसिडची नोंद काढून टाकली जात नाही, ती वैध ठेवून फक्त भाषांतर बंद केलं जातं, म्हणजे उरलेल्या विनंत्या गप्प नाकारल्या जातात आणि लॉगमध्ये त्रुटींचा पूर येत नाही. तुमच्या कार्डाने या नकारावर अडून न बसता काम रद्द केलं पाहिजे. हे हार्डवेअर टीमशी चिप बनण्याआधी बोला. नंतर ड्रायव्हरमध्ये याला उपाय नाही.

हा क्रम कर्नलच्या लोकांनाही चकवून गेला आहे. पूर्वी पॅसिड बाइंड-अनबाइंडच्या मोजणीवर सोडला जाई. थ्रेडांच्या एमएसआरमध्ये जुना क्रमांक राही आणि सगळ्या थ्रेडांमधून तो पुसणं फार किचकट होतं. ५.१८ मध्ये नियम बदलला: पहिल्या बाइंडला पॅसिड द्यायचा आणि एमएमबरोबरच सोडायचा. थ्रेडने पॅसिडशिवाय ईएनक्यूसीएमडी चालवला की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो आणि कर्नल तेव्हाच एमएसआर भरून देतो. पण पहिल्या आवृत्तीत पॅसिड एमएमपुट मध्ये, म्हणजे एक्झिट_एमएम()च्या वेळी, सुटत होता. ड्रायव्हरला तो हार्डवेअरमधून पुसायची संधी मिळण्याआधीच. दुरुस्तीत सोडण्याची जागा एमएमड्रॉपकडे हलवली, जिथे एमएमचा शेवटचा संदर्भही गेलेला असतो. क्रमांक आणि ज्याचा तो क्रमांक आहे ती वस्तू, यांचं आयुष्य एकत्र बांधा. मोजणी वेगळी ठेवली की कुठेतरी निसटते.

*मोडणीचा क्रम*

रिलीजमध्ये हाच क्रम ठेवा, एकही पायरी पुढे-मागे नको:

१. नवीन काम बंद: रांग हार्डवेअरमध्ये अक्षम करा आणि डोअरबेलची मॅपिंग काढा.
२. त्या पॅसिडची चालू कामं संपेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत थांबा.
३. वाटेत असलेल्या पेज-मागण्या निपटल्या आहेत याची खात्री करा.
४. रांगेच्या नोंदीतून पॅसिड पुसा.
५. अनबाइंड.

पाचवी पायरी दुसरीच्या आधी केली तर जुना एमएम जाताच पॅसिड नव्या प्रोसेसला जाऊ शकतो आणि कार्डाचं जुनं, अर्धवट लेखन नव्या प्रोसेसच्या त्याच व्हर्च्युअल पत्त्यावर पडतं. ज्याची मेमरी बिघडली तो आणि ज्याने बिघडवली तो यांचा काहीही संबंध नसतो, त्यामुळे हा बग लॉगवरून सापडत नाही.

दुसऱ्या पायरीला कालमर्यादा हवीच. ती उलटली तर ‘बहुतेक संपलं असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. कार्डाला फंक्शन-लेव्हल रीसेट द्या. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाप्रमाणे तो १०० मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवा. रीसेटही फसला तर पॅसिड आणि रांग कायमची बाजूला ठेवा. एक क्रमांक वाया गेलेला परवडतो.

*टोपोलॉजी आणि कर्नलचे पत्ते*

कार्ड आणि आयओएमएमयूच्या मध्ये पीसीआय स्विच असेल तर तो पॅसिड बघून नव्हे, पत्ता बघून वाट ठरवतो. प्रोसेसचा एखादा व्हर्च्युअल पत्ता योगायोगाने शेजारच्या कार्डाच्या बारच्या (त्या कार्डाला नेमून दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याच्या) पत्त्याशी जुळला तर विनंती आयओएमएमयूपर्यंत न पोचता तिकडेच वळते. म्हणून वरच्या वाटेवर एसीएस (विनंती शेजाऱ्याकडे न वळवता वर पाठवायला लावणारी पीसीआयची सोय) चालू नसेल तर कर्नल पॅसिड चालूच करू देत नाही. ‘माझ्या कार्डावर एसव्हीए का चालत नाही’ याचं उत्तर पुष्कळदा कार्डात नसून स्लॉटच्या वर असतं.

एक्स८६वर प्रोसेसच्या पेज टेबलच्या वरच्या अर्ध्यात कर्नलची मॅपिंग असतात. आयओएमएमयूला तेच टेबल दिल्यावर कर्नलचा डेटा परवानगीच्या बिटामुळे वाचता येत नाही, पण टेबलच्या मधल्या पायऱ्या ते आपल्या कॅशमध्ये ठेवू शकतं. कर्नलने त्या पायरीचं पेज मोकळं केलं आणि आयओएमएमयूला कळवलं नाही तर ते मोकळ्या झालेल्या पेजवर टेबल शोधत राहतं. म्हणून युजरच्या मॅपिंगइतकंच कर्नलच्या पेज-टेबल पेजेसचं मोकळं होणंही आयओएमएमयूला कळवावं लागतं. याचसाठी कर्नलच्या पत्त्यांवर एसव्हीए देण्याचा मोह टाळा. लिनक्समध्ये तो पर्याय होता आणि काढून टाकला गेला.

टॅग केलेले पॉइंटर (ज्यांच्या वरच्या बिटांत प्रोग्राम स्वतःची खूण ठेवतो) विसरू नका. आर्म-६४ वर वरचा बाइट सीपीयू दुर्लक्षित करतो, कार्ड करेलच असं नाही. इंटेलच्या एलएएमबाबत (अशाच टॅगची इंटेलची सोय) कर्नल मुळात एलएएम आणि एसव्हीए एकाच प्रोसेसमध्ये एकत्र चालू देत नाही. तुमच्या लायब्ररीने टॅग काढूनच पत्ता द्यावा.

आयओसीटीएलचं स्ट्रक्ट

पॉइंटर नेहमी ६४ बिटांच्या पूर्णांकात घ्या. ३२ बिटांचा एक फील्ड आणि मग ६४ बिटांचा, असं स्ट्रक्ट एक्स८६च्या ३२ बिटी प्रोग्राममध्ये १२ बाइटचं होतं आणि ६४ बिटी कर्नलमध्ये १६ बाइटचं. कार्डाला पत्त्याऐवजी रिकामी जागा मिळते. मांडणी अशी ठेवली की भोक पडत नाही: आकार (४), फ्लॅग (४), इनपुट पत्ता (८), आउटपुट पत्ता (८), इनपुट लांबी (४), आउटपुट लांबी (४), पूर्णतेच्या नोंदीचा पत्ता (८), युजरची खूण (८). एकूण ४८ बाइट, दोन्हीकडे.

पहिल्या ‘आकार’ फील्डमुळे पुढे स्ट्रक्ट वाढवता येतं. कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युजर() नेमकं यासाठी ५.४ मध्ये आलं. अनोळखी फ्लॅग आला तर काम नाकारा. आज दुर्लक्ष केलेला बिट उद्या वापरता येत नाही, कारण कुठल्यातरी प्रोग्राममध्ये तिथे कचरा भरलेला असतो. क्षमता विचारणारा वेगळा आयओसीटीएल द्या: एसव्हीए आहे का, फॉल्ट सांभाळता येतो का, पत्त्याची रुंदी किती. ५७ बिटांच्या व्हर्च्युअल पत्त्यांच्या मशीनवर ४८ बिटी कार्ड असेल तर ते इथेच कळलं पाहिजे. एसव्हीए नसेल तर गुपचूप कॉपीवर उतरू नका; प्रोग्रामला सांगा आणि त्याला ठरवू द्या. फिजिकल पत्ता आणि पॅसिड, दोन्ही युजरला कधीच परत देऊ नका.

तपासणी

डीएमए_एपीआय_डीबग आणि केएएसएएन (डीएमएचा आणि मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या कर्नलच्या सोयी) चालू करून कर्नल बांधा आणि आयओएमएमयू स्ट्रिक्ट ठेवा. मग काम चालू असताना या गोष्टी करा: प्रोसेसला सिगकिल द्या, दुसऱ्या थ्रेडमधून इनपुट म्युनमॅप करा, फोर्क करून मुलाकडून डोअरबेलला हात लावा, एममॅप केलेली फाइल मध्येच ट्रंकेट करा (सीपीयूला इथे सिगबस येतो, कार्डाला अपयशाचं उत्तर मिळालं पाहिजे आणि नोंदीत तो पत्ता दिसला पाहिजे), ड्रायव्हर अनबाइंड करा, मेमरी इतकी भरा की स्वॅप सुरू होईल. प्रत्येक चाचणी एकदा नको, रात्रभर, आणि दर वेळी शेजारी दुसरी प्रोसेस ठेवा जी आपल्या मेमरीत ठरावीक नमुना लिहून तो सतत तपासते. पॅसिड लवकर पुन्हा वापरात यावेत म्हणून त्या चाचणीपुरती त्यांची संख्या ८ वर आणा. मोडणीचा क्रम चुकला असेल तर त्या शेजाऱ्याचा नमुना बिघडलेला दिसेल.